पायगाडीकडे परतताना

(पिशोर, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर येथे एका निवृत्त शिक्षकाने ग्रामस्थांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित अंश.)



आज मी इथे सायकलवरून आलो, यात सांगण्यासारखे काहीच नाही. माझ्या घरापासून हे अंतर एक किलोमीटरही भरणार नाही. सांगण्यासारखे आहे ते एवढेच की, पंचवीस वर्षे हेच अंतर मी मोटारसायकलने कापत होतो आणि त्यात मला काही वावगे वाटत नव्हते.

आपल्या जिल्ह्याचे आणि यंत्रावर धावणाऱ्या दुचाकीचे नाते जुने आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्या परिसरात गावोगावच्या मुलांना रोजगार मिळाला. माझा थोरला मुलगाही त्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. तेव्हा मोटारसायकलला नावे ठेवण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. ज्या यंत्रावर अनेकांच्या चुली पेटतात त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल. माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्र आपल्या सोयीसाठी आणले. मग पानपट्टीपर्यंत जायलाही ते लागू लागले, तेव्हा कोण कोणाच्या सेवेत राहिले?

ती संध्याकाळ

हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथातून सुचलेला नाही. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी शेतावरून परतत होतो. सूर्य समोर मावळत होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, पण ते स्वतःशी कबूल करण्याची माझी तयारी नव्हती. समोरून शाळेची एक मुलगी सायकलवर येत होती. ती मला दिसलीच नाही. तिने सायकल रस्त्याखाली घातली म्हणून ती वाचली. मी थांबलो तेव्हा ती कपाशीच्या कडेला चिखलात उभी होती. तिने मला ओळखले आणि विचारले, “गुरुजी, तुम्हाला लागलं तर नाही ना?”

मित्रहो, ज्याने वर्गात तीस वर्षे मुलांना ‘रस्त्याने जपून जा’ म्हणून सांगितले, त्याच्यापासूनच एका मुलीला जपून राहावे लागले. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे शस्त्रक्रिया झाली, दृष्टी सुधारली; परंतु त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

संकल्प नव्हे, सवय

पुष्कळांना वाटते की, मी दुसऱ्याच दिवशी प्रतिज्ञा करून गाडी विकली असेल. तसे घडले नाही. प्रतिज्ञा जितकी मोठी, तितकी ती लवकर मोडते, हा माझा अनुभव. मी केवळ एक फेरी कमी केली : सकाळी दूध आणण्याची. अडगळीतली जुनी सायकल काढली, नवे टायर-ट्यूब बसवले, चेनला तेल दिले. पायडल खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट उंच घेतली. आपल्याकडे अनेकांची सीट खाली असते आणि मग गुडघे दुखले की दोष सायकलला मिळतो.

महिन्याने बाजाराची फेरी सायकलवर आली. पावसाळा सरल्यावर शेताची आली. तालुक्याला, म्हणजे कन्नडला जायचे तर एस.टी. पहिले पंधरा दिवस मांड्या भरून येत, चढावर उतरून सायकल ढकलावी लागे. पण चालायला जेवढी शक्ती लागते, तिच्या अंशावर सायकल तेवढेच अंतर नेते, हे शरीराला हळूहळू पटले. मोटारसायकल दीड वर्ष पोत्याखाली झाकून ठेवली होती. नंतर ध्यानात आले की, चार महिन्यांत तिला किक मारलेली नाही. तेव्हा ती विकली.

काही मर्यादाही प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. वैशाखातली दुपार सायकलची नव्हे. आल्याची पोती सायकलवर जात नाहीत. रात्री घरात कोणी आजारी पडले तेव्हा मी शेजाऱ्याची जीपच बोलावली आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलावीन. सोडायची ती गरज नव्हे; गरज नसताना मारलेली किक.

लाज कशाची?

सर्वांत अवघड चढ मात्र रस्त्यावर नव्हता. “गुरुजी, गाडी इकली काय? घरचं बरं हाय ना?” असे चौकात विचारले जाई, तो चढ अवघड होता. सायकल म्हणजे दारिद्र्य, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. इतिहास मात्र निराळा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल ही ऐपतदारांची मिजास होती. सर्वसामान्य माणूस त्या वेळी पायीच चालत असे. पुढे याच किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवला, तो आपल्या वाडवडिलांच्या परिचयाचा आहे. ज्या वाहनाकडे एके काळी लोक मान वळवून पाहत, त्याच वाहनावर बसल्याची आज लाज वाटते. याचा अर्थ दोष वाहनात नाही, आपल्या पाहण्यात आहे.

हिशेबही मांडू. रोज दहा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, लीटरला पन्नास किलोमीटर धरले तर साठ लीटर पेट्रोल होते. लीटरला शंभर रुपये धरले तरी सहा हजार रुपये. आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. म्हणजे त्या सहा हजारांतला काही वाटा देशाबाहेर जातो. स्वदेशीवर भाषणे पुष्कळ होतात. दुधाच्या फेरीत ती आचरणात आणता येते.

मुलांचा रस्ता

तरीही पैसा हा माझ्या लेखी दुय्यम मुद्दा आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. युरोपातील नेदरलँड्स हा देश आज सायकलींसाठी ओळखला जातो. पण तो पहिल्यापासून तसा नव्हता. तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ साली त्या छोट्या देशात अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ मध्ये तेलटंचाई आली आणि काही रविवार मोटारींविना पाळले गेले. रिकामे रस्ते कसे दिसतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्या अनेक वर्षांत तिथे सायकलींचे मार्ग बांधले गेले. तो बदलही एका दिवसात झाला नाही. तोही फेरी-फेरीनेच झाला.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. सायकल शासन देईल. पण त्या सायकलवर मुलीला धाडायचे की नाही, हे तिची आई रस्त्याकडे पाहून ठरवते. तो रस्ता आपल्या हाती आहे. भरधाव गाडीची भीती वाटून एखाद्या मुलीची शाळा सुटली, तर त्या गाडीवर आपल्यापैकीच कोणी बसलेला असेल.

म्हणून माझे मागणे लहान आहे. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या अर्ध्या-अर्ध्या तासात, गावातल्या गावात, ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मोटारसायकल काढू नये. सायकल घ्यावी किंवा चालावे. एवढे जमले तर पुढची फेरी आपोआप सुचेल.

ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते. मधूनमधून रस्त्यात भेटते. मागच्या महिन्यात तिने मला चढावर गाठले, आपली सायकल माझ्या बरोबरीने हळू केली आणि म्हणाली, “गुरुजी, आता तुम्ही लांबूनच दिसता.” मी तिला म्हणालो, “बाई, आता तूही मला दिसतेस.”