चोचीचे मासे : ओळख, हाताळणी आणि आपली जबाबदारी

(निपाणी परिसरातील हौशी गळकरी व तरुण मंडळांच्या सभासदांसमोर विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी एका गृहस्थांनी मला दूरध्वनी केला. त्यांच्या मुलाने हौसेने शोभेच्या माशांच्या दुकानातून एक बोटभर लांबीचा मासा आणला होता. तोंड मगरीसारखे, अंगावर ठिपके, मोठा डौलदार. दोन-अडीच वर्षांत तो दोन फुटांचा झाला. काचेच्या टाकीत त्याला वळता येईना आणि सोबतचे सारे मासे त्याने खाऊन टाकले. गृहस्थांनी मला विचारले, "जीव मारवत नाही हो. आपल्या जवाहर तलावात सोडला तर चालेल ना? की वेदगंगेत नेऊन सोडू?"

प्रश्न विचारणारा मनुष्य दयाळू होता. तरीही त्याच्या त्या एका दयेने नदीवर पोट असलेल्या अनेकांचे नुकसान झाले असते. त्यांना मी काय उत्तर दिले ते शेवटी सांगेन. आधी आपण हा मासा नीट ओळखू आणि त्याच्यासारखा दिसणारा आपल्या नदीतला मासा कोणता, तेही पाहू. दोहोंची ओळख पटल्याखेरीज कोणता सोडावा आणि कोणता सोडू नये, हे कळणार नाही.

आपल्या कृष्णेच्या खोऱ्यात लांब चोचीचा एक सडपातळ मासा आहे. शास्त्रीय ग्रंथांत त्याला झेनेन्टोडॉन कँसिला म्हणतात. त्याचे नाव गावागणिक बदलते, म्हणून या भाषणापुरते आपण त्याला चोचमासा म्हणू. समुद्रातील त्याच्या भाईबंदांना कोकणात टोळ म्हणतात. पाठ हिरवट, बाजू रुपेरी, दोन्ही जबडे सुईसारखे बारीक व लांब आणि त्यांत तीक्ष्ण दात. पाठीवरचा पर अगदी मागे, शेपटीजवळ. पुष्कळ वाढला तरी तो सुमारे 40 सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. संथ पाण्याच्या पृष्ठभागालगत तो काडीसारखा स्थिर राहतो आणि बारीक मासळी, झिंगे व किडे टिपतो. त्याची अंडी बारीक तंतूंनी पाणवनस्पतींना चिकटलेली असतात. म्हणूनच काठावरचे गवत व पाणवेली निष्कारण उपटू नयेत.

दुसरा मासा म्हणजे गार. तो मूळचा उत्तर व मध्य अमेरिकेचा आणि क्यूबा बेटाचा. त्याच्या आज सात जाती मानतात. त्यांतील सर्वांत मोठी जात अ‍ॅलिगेटर गार, म्हणजे मगरतोंड्या गार. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात 2011 साली सापडलेल्या अशा एका माशाचे वजन सुमारे 148 किलो भरले होते. लांबी होती साडेआठ फुटांच्या आसपास. गारच्या अंगावर पत्त्यांतील चौकटीच्या आकाराचे कठीण खवले एकमेकांना जोडून बसलेले असतात. ते जणू चिलखतच. त्याच्या पोटातील हवेची पिशवी फुप्फुसाचे काम करते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू कमी झाला तरी तो वर येऊन हवेचा घोट घेतो आणि तगून राहतो. जेथे आपले मासे गुदमरतात, तेथेही तो जगतो.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत माशांचे जीवाश्म सापडले. आर्थर स्मिथ वुडवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1908 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांतील एका माशाला लेपिसॉस्टिअस इंडिकस असे नाव दिले. हा गारच्याच कुळातील मासा. म्हणजे सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या काळात, विदर्भातील पाण्यात गार पोहत होते! परंतु या पुराव्यावरून गारला आज आपल्या नदीत घर देता येणार नाही. तो येथून नाहीसा झाला त्यानंतर कोट्यवधी वर्षांत येथील मासे, येथील पाणी व येथील अन्नसाखळी वेगळीच घडली आहे.

आता चोचमासा कसा धरावा, हे पाहू. पावसाळ्यानंतर नदीचे पाणी निवळते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले की त्यांच्या मागे संथ पाणी साठते. गळ टाकण्यास ही जागा व हा हंगाम चांगला. काठी हलकी असावी, तंगूस बारीक असावा आणि आमिष पृष्ठभागापासून वीतभर खाली राहील अशी तरंडी बांधावी. आमिष म्हणून बारीक मासा किंवा झिंगा लावावा. चोचमासा आमिष चोचीत आडवे धरतो आणि थोडे दूर नेतो. नवशिका येथेच चुकतो. तरंडी हलताच तो हिसका देतो आणि गळ कठीण चोचीवरून निसटतो. म्हणून चार-पाच सेकंद धीर धरावा. माशाने आमिष चोचीतून तोंडाकडे वळविले की काठी हळूच उचलावी.

दुसरी युक्ती गळाविना धरण्याची आहे. रेशमी अथवा नायलॉनच्या धाग्याचा पिंजलेला झुबका पाण्यावरून ओढला की मासा त्यावर झडप घालतो आणि त्याचे बारीक दात धाग्यांत अडकतात. अमेरिकेत गार धरण्यासाठी सुटे धागे केलेला दोर याच रीतीने वापरतात. मात्र या युक्तीत एक जबाबदारी आहे. मासा सोडून द्यायचा असेल तर त्याच्या चोचीतील धाग्याचा प्रत्येक तंतू काढला पाहिजे. दोनचार तंतू राहिले तरी चोच बांधल्यासारखी होते आणि सोडलेला मासा उपाशी मरतो. गळ वापरणाऱ्यांनी त्याचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकावा, म्हणजे गळ लवकर निघतो आणि जबडा फाटत नाही.

हाताळणीचे नियम थोडके आहेत. हात आधी पाण्यात ओले करावेत. कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो आणि तो गेला की माशाला रोग जडतात. मासा खडकावर आपटू देऊ नये, कारण चोच नाजूक असते व मोडते. एका हाताने डोक्याच्या मागे हलके धरावे, दुसऱ्या हाताने अंगाला आधार द्यावा आणि चोच आपल्या तोंडापासून व डोळ्यांपासून दूर ठेवावी. घाबरला की हा मासा उसळी मारतो, हे लहान मुलांना आवर्जून सांगावे. गळ लांब तोंडाच्या पकडीने काढावा. तो खोल गिळला असेल तर ओढाताण न करता तंगूस कापावा. सोडताना मासा पाण्यातच हलके धरावा आणि तो स्वतः निघून जाईपर्यंत थांबावे. पाण्यात भिरकावून दिलेला मासा जगतोच असे नाही.

गार धरणाऱ्यांची तयारी अधिक असते. त्याचे दात तंगूस कापतात, म्हणून गळाच्या वर तारेचा तुकडा बांधतात. जाड हातमोजे, लांब पक्कड व मजबूत हातजाळे जवळ ठेवतात आणि मोठा मासा दोराचा फास घालून आवरतात. अमेरिकेत एके काळी गारला निरुपयोगी व उपद्रवी ठरवून त्याची बेसुमार कत्तल झाली. आज तेथील जाणकार त्याला नदीचा समतोल राखणारा मानतात आणि पुष्कळ गळकरी त्याला जपून पुन्हा पाण्यात सोडतात. तेथे ते योग्यच आहे. माशात दोष नाही. दोष आहे तो त्याला भलत्या पाण्यात नेणाऱ्या माणसाचा.

हा धोका दूरचा राहिलेला नाही. 2023 सालच्या एप्रिलमध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात गळाला अ‍ॅलिगेटर गार लागला. त्यानंतरच्या महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवराची सफाई चालू असताना तेथेही एक सापडला. हजारो मैलांचा समुद्र ओलांडून हे मासे पोहत आले नाहीत. असे मासे आपल्या देशात येतात ते शोभेच्या माशांच्या व्यापारातून, आणि कोणाच्या तरी टाकीतून तळ्यात पोहोचतात.

आपल्या भागाची भूरचना या बाबतीत विशेष जपण्यासारखी आहे. वेदगंगा व दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावून निपाणी परिसरात येतात आणि पुढे त्यांचे पाणी कृष्णेला मिळते. बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची मार्कंडेय नदी घटप्रभेला मिळते आणि घटप्रभाही कृष्णेकडेच जाते. राज्यांच्या सीमा नकाशावर असतात. मासा त्या जाणत नाही. 2019 आणि 2021 चे महापूर आपण विसरलेलो नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. अशा वेळी शेततळे, विहीर, ओढा व नदी हे सारे एक होते. "मी तर माझ्या शेततळ्यात सोडला," असे म्हणणाऱ्याचा मासा एका रात्रीत नदीत जातो.

परक्या माशाने काय होते, हे चिलापीने आपल्याला दाखविले आहे. आफ्रिकेतील हा मासा 1952 साली उत्पादनवाढीच्या सद्हेतूने भारतात आणला गेला. आज तो तळ्यातळ्यांत आहे आणि त्याला परत पाठविण्याचा मार्ग कोणालाही ठाऊक नाही.

या बाबतीत मीही निर्दोष नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गावच्या तळ्यात टाकीतील मासे सोडण्याचा छोटासा समारंभ झाला होता. मी त्याची बातमी लिहिली आणि तिला 'मुक्या जीवांना जीवदान' असा मथळा दिला. बातमी अनेकांना आवडली. काही वर्षांनी त्याच तळ्यावर गेलो असता एका वृद्ध मासेमाराने मला आपले फाटलेले जाळे दाखविले. जाळ्यात मरळ नव्हती, शिंगाळा नव्हता. होते ते काटेरी परांचे, कोणी विकत न घेणारे सकर मासे. तो म्हणाला, "सायेब, तुमचं ते जीवदान आमच्या जाळ्यात आलंया बगा." ते मासे त्या समारंभातलेच होते की नंतर कोणी सोडलेले, हे सांगता येणार नाही. परंतु तशी वाट दाखविणारी बातमी माझ्या लेखणीतून उतरली होती. आज आपणासमोर बोलताना ते फाटके जाळे माझ्या डोळ्यांपुढे आहे.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीने परकीय आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा किंवा त्यांवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. तथापि प्रत्येक तळ्याच्या काठी शिपाई उभा करता येत नाही. पाण्यावर रोज नजर असते ती आपणा गळकऱ्यांची.

म्हणून आपणास पाच गोष्टींची विनंती आहे. पहिली : गळ टाकण्यापूर्वी त्या पाण्याचा ठेका अथवा हक्क कोणाकडे आहे याची चौकशी करून परवानगी घ्यावी. दुसरी : उरलेले जिवंत आमिष दुसऱ्या पाण्यात टाकू नये. तिसरी : चोचीचा मासा लागला तर खवले पाहावेत. अंग काडीसारखे व खवले अगदी बारीक असले तर तो आपला, जपून सोडावा. अंग जाड, तोंड मगरीसारखे आणि खवले चिलखतासारखे कठीण असले तर तो परका. त्याला पुन्हा पाण्यात सोडू नये. चौथी : अशा माशाचे छायाचित्र काढावे, लांबी, जागा व दिनांक लिहून ठेवावा आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या जवळच्या कार्यालयास कळवावे. त्याची गाभोळी कोणीही खाऊ नये व जनावरांनाही घालू नये. गारची अंडी विषारी असतात. पाचवी : घरच्या टाकीतील कोणताही मासा नदीत, तळ्यात, विहिरीत वा देवळाच्या कुंडात सोडू नये.

आता त्या गृहस्थांविषयी. मी त्यांना सांगितले, "आपली दया खरी आहे, ती त्या एका माशापुरती ठेवू नका, नदीतल्या माशांपर्यंत जाऊ द्या." दुकानदाराने मासा परत घेण्यास नकार दिला. पुढे पंधरा दिवस शोध घेतल्यावर त्यांच्याच परिचयातील एकाकडे मोठा सिमेंटचा हौद मिळाला. तो उंचावर आहे, त्याला जाळी आहे आणि त्याचे पाणी ओढ्याला जात नाही. मासा आज तेथे आहे. तशी सोय झाली नसती तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला वेदना न होऊ देता मारणे, हा कठोर पण प्रामाणिक मार्ग उरला होता, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितले होते.

येत्या हंगामात बंधाऱ्याच्या मागे आपण गळ टाकून बसाल आणि पृष्ठभागावर ती हिरवट काडी स्थिर उभी दिसेल. तिला धरा, न्याहाळा, मुलांना दाखवा आणि ओल्या हातांनी परत पाण्यात सोडा. ती आपल्या नदीची आहे.