मेंदूज्वर : पहिल्या काही तासांचे मोल

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दिलेले व्याख्यान)



'मेंदूज्वर' हा शब्द आपण सर्रास वापरतो. परंतु ते एका रोगाचे नाव नाही, ती एक अवस्था आहे. ताप, डोकेदुखी, उलट्या, मग आकडी आणि बेशुद्धी हे चित्र बहुधा सारखेच दिसते. त्यामागचे विषाणू मात्र निरनिराळे असतात. काहींवर औषध आहे, काहींवर लस आहे, तर काहींवर यांपैकी काहीच नाही. हा भेद आणि त्यातून आपल्यावर येणारी जबाबदारी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम आपल्या विदर्भाचे नाव जगभर घेऊन गेलेल्या विषाणूविषयी. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, एक नवा विषाणू सापडला. गावाचे नाव त्यालाच मिळाले. पुढे अनेक वर्षे तो फारसा गंभीर मानला गेला नाही. २००३ साली मात्र आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली, त्यांपैकी १८३ दगावली आणि त्या साथीमागे चांदीपुरा विषाणू असल्याचे दिसून आले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरात व शेजारच्या भागांत तो पुन्हा प्रकटला. जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला.

हा रोग प्रामुख्याने पंधरा वर्षांखालील मुलांना होतो आणि वाळूमाशीच्या दंशाने पसरतो. ही माशी डासाहून पुष्कळ लहान असते. साचलेल्या पाण्यात तिची वाढ होत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओलसर जागा, शेण व कुजलेला पालापाचोळा ही तिची घरे. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही ती आत शिरते. म्हणून भेगा लिंपणे, गोठा घरापासून दूर व कोरडा ठेवणे आणि कीटकनाशकाची फवारणी हेच येथे प्रतिबंधाचे उपाय होत. या रोगावर अद्याप लस नाही, खास औषधही नाही. सकाळी खेळणारे मूल दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या दारात असावे, इतकी त्याची गती विलक्षण आहे.

याच विषाणू-कुळातील रेबीजचे वर्तन याउलट आहे. चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंमार्गे मेंदूपर्यंत पोहोचायला त्याला बहुधा काही आठवडे लागतात. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लस आणि आवश्यक तेथे जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शन, एवढे वेळेवर झाले तर रोग टळतो. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रुग्ण क्वचितच वाचतो. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरे व पाणपक्ष्यांत वाढतो आणि भातखाचरांतील क्युलेक्स डासांमार्फत माणसांपर्यंत येतो. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात झालेल्या भीषण साथीनंतर २००६ पासून निवडक जिल्ह्यांत बालकांना त्याची लस दिली जाऊ लागली. ज्या जिल्ह्यांत ती मिळते, तेथे एकही मूल वंचित राहता कामा नये.

हर्पिस विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर ॲसायक्लोव्हिर हे प्रभावी औषध आहे. उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. औषध लवकर सुरू झाल्यास हे प्रमाण बरेच खाली येते. म्हणूनच संशय येताच, पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीचा निष्कर्ष हाती येण्याची वाट न पाहता ते सुरू करावे लागते.

रुग्ण आला त्या क्षणी विषाणू कोणता, हे कोणालाच ठाऊक नसते. तरीही काही गोष्टी तत्काळ करता येतात. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, आकडी थांबवणे, रक्तातील साखर तपासणे, ताप उतरवणे आणि सलाईन मोजून देणे, यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतात ती प्रशिक्षित माणसे, आणि तीही रात्री दोन वाजता हजर असलेली.

दुर्दैवाने हे मोलाचे तास अनेकदा घरीच निघून जातात. आकडी आली की कांदा वा चप्पल हुंगवली जाते, दातांत चमचा घातला जातो, बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो. पालकांना दोष देऊन हे थांबणार नाही. त्यांना विश्वासाचे ठिकाण जवळ मिळाले तरच थांबेल. आकडी आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि थेट रुग्णालय गाठावे, हे प्रत्येक अंगणवाडीत व आशा सेविकेमार्फत प्रत्येक घरात पोहोचले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. वाचलेल्या मुलांपैकी काहींना पुढे अपंगत्व, फिट्स, वाचेचे वा शिकण्याचे दोष उरतात. मूल घरी गेले म्हणजे उपचार संपले, असे मानता येत नाही. भौतिकोपचार, वाचोपचार आणि औषधांचा नियमित पुरवठा वर्षानुवर्षे लागतो आणि गरीब कुटुंब नेमके तेथेच खचते. धर्मादाय रुग्णालयाचे खरे प्रयोजन मला येथेच दिसते.

देणगीदारांना माझी विनंती एवढीच, की नव्या इमारतीच्या कोनशिलेइतकेच मोल रात्रपाळीच्या परिचारिकेला आणि पुनर्वसन विभागाला द्यावे.