भूमीची वीज आणि मातीचे भांडे



बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस काळ्या पाषाणाचे पठार व त्यातील लोणारचे विवर आहे, तर उत्तरेस पूर्णेच्या गाळाचे खोरे. या खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहिरीस नुसते पाणी लागून भागत नाही. ते गोडे असावे लागते. खोदाईचा खर्च व्यर्थ जाऊ नये म्हणून भूगर्भाचा आधी अंदाज घेण्याचे एक साधन म्हणजे विद्युत् मापन होय. १९७२ साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे साधन वापरते.

या पद्धतीत दोन खुंट्यांतून जमिनीत प्रवाह सोडून दुसऱ्या दोन विद्युत् अग्रांमधील दाब मोजतात. खारे पाणी वीज सहज वाहून नेत असल्याने हा दाब फार अल्प भरतो. त्यातच ओल्या, खारट मातीत रोवलेली लोखंडी खुंटी रासायनिक क्रियेने स्वतःच दाब निर्माण करते व तो सारखा बदलतो. भूमीऐवजी खुंटीचीच कथा ऐकू यावी, असा तो प्रकार! प्रवाहाची दिशा आलटून-पालटून हा दोष बराचसा घालविता येतो. परंतु अधिक खोलीचा वेध घेण्यासाठी भूमीतील नैसर्गिक विद्युत् क्षेत्र अनेक दिवस नोंदवावे लागते. शंभर मीटर अंतरावर ते पुष्कळदा एक मिलिव्होल्टही भरत नाही. तेथे अग्र स्थिरच हवे.

त्यावरील जुना उपाय शेतकऱ्यांच्या परिचयाच्या मोरचुदाचा आहे. झिलई न दिलेल्या मातीच्या भांड्यात मोरचुदाचे संपृक्त द्रावण भरून त्यात तांब्याची कांडी ठेवतात. तळाशी न विरघळलेले खडे राहिले, तर द्रावणाची तीव्रता टिकते. मात्र द्रावण पाझरते, भांडे पुनःपुन्हा भरावे लागते, आणि उन्हाने एक अंश तपमान वाढले तरी मापनात फरक पडतो.

दीर्घकाळच्या नोंदींसाठी म्हणून शिसे व शिशाचे क्लोराइड यांचे अग्र पुढे आले. फ्रान्समधील संशोधक पेत्यो यांनी १९८० व २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्याचा सखोल अभ्यास आहे. हे क्लोराइड पाण्यात अत्यल्प विरघळते. चिकणमातीत कालवलेले क्षार सावकाश झिरपतात. त्यामुळे ते दीर्घकाळ स्थिर राहते आणि त्याची निगाही कमी लागते. शिसे विषारी असल्याने काम संपताच प्रत्येक अग्र मोजून परत काढले पाहिजे.

तथापि उत्तम अग्रही निष्काळजीपणे पुरल्यास निरुपयोगी ठरते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व संपर्क तुटतो. म्हणून ओल लागेपर्यंत खड्डा घ्यावा, चिखलात अग्र बसवून वर माती झाकावी. पुरण्यापूर्वी व काढल्यानंतर जोडीतील दोन्ही अग्रे एकाच चिखलात ठेवून त्यांच्यातील फरक नोंदवावा. जवळचे कृषिपंप केव्हा चालू होते, याचीही नोंद असावी.

गावात मापनाचे पथक आले म्हणजे पंचायत सदस्यांनी ही नोंदवही अवश्य पाहावी, आणि शिक्षकांनी मुलांना ते भांडे दाखवावे. विहिरीवर होणाऱ्या खर्चाचा निर्णय अखेर त्या भांड्याच्या सचोटीवर उभा असतो.