समुपदेशनातील संमती आणि हक्क

समुपदेशनाला जाणारी व्यक्ती मनातले सगळ्यात खाजगी असे काही दुसऱ्यापुढे मांडते. म्हणून समुपदेशकाने पहिल्याच बैठकीत तिची संमती घ्यायची असते. त्यासाठी छापील अर्जावर सही घेतली की भागत नाही. समुपदेशकाचे शिक्षण व अनुभव, कामाची पद्धत, बैठकांचा अंदाजे कालावधी आणि शुल्क हे सारे आधी सांगावे लागते. जुन्या आठवणी वर आल्याने काही दिवस त्रास वाढू शकतो, हेही सांगावे लागते. औषधोपचारासारखा दुसरा मार्ग असेल, तर त्याचीही कल्पना द्यावी लागते. हे ऐकून, समजून दिलेला होकार म्हणजे संमती.

भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. संमती धाक, दबाव वा फसवणुकीशिवाय घेतलेली हवी आणि उपचाराचे फायदे, धोके व पर्याय व्यक्तीला कळेल अशा भाषेत सांगितलेले हवेत, असे तो म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा घेणाऱ्याला गोपनीयतेचा, स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा आणि सेवेतील त्रुटींबद्दल तक्रार करण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे. अशी संमती आणि हे हक्क हाच समुपदेशनाच्या व्यावसायिक नीतीचाही पाया आहे.

गोपनीयतेला मात्र मर्यादा आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती द्यावी लागते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. या मर्यादा व्यक्ती बोलू लागण्यापूर्वीच सांगायला हव्यात; नंतर कळल्या तर तिला विश्वासघात झाल्यासारखे वाटते.

काही ठिकाणी अधिक स्पष्टता लागते. शुल्क कंपनी भरत असेल, तर कंपनीला काय कळणार हे आधी ठरावे. पती-पत्नी एकत्र येत असतील, तर एकाने एकांतात सांगितलेले दुसऱ्याला सांगायचे की नाही, हेही ठरावे. बैठकीचे ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर वेगळी परवानगी घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घेतली, तरी मुलालाही त्याच्या वयाला समजेल असे सांगावे.

संमती एकदा दिली की कायमची होत नाही. पद्धत बदलली की पुन्हा विचारावे लागते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा, समुपदेशक बदलण्याचा आणि समुपदेशन थांबवण्याचा हक्क व्यक्तीकडे शेवटपर्यंत राहतो. या हक्कांविषयी विचारल्यावर जो समुपदेशक उत्तर टाळतो, त्याच्याकडे पुढची बैठक ठरवू नये.