बारा नारळ आणि एक जातं

बेंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या गर्दीत, नावामुळे शिवराय आठवतात. पण या शहराचं जास्त नातं त्यांच्या वडिलांशी. हे शहर शहाजीराजांची जहागीर होतं. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा कवी आला आणि त्याने म्हणे राजांपुढे बारा नारळ मांडले. का? तर बारा भाषांत काव्य रचतो म्हणून! त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी छापला. इथे काव्यामागची प्रेरणा आश्रयाची, आणि थोडी मिरवण्याचीही.

कवी ग. दि. माडगूळकर ऊर्फ गदिमांमागे मात्र मुदत होती. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीला दर आठवड्याला गीतरामायणाचं नवं गीत हवं असे. अशी 56 झाली.

जात्यावरच्या बाईला ना राजा, ना मुदत. पहाटे दगड फिरवताना हात भरून यायचे, माहेर आठवायचं, सासूबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. ते सगळं ओवीत उतरायचं. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा लाखभर ओव्या गावोगाव फिरून जमवल्या. रचणाऱ्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. गाणं ‘लिहिणं’ हा शब्दच तिथे अपुरा पडतो.