हाड मोडल्यानंतरची शुश्रूषा



अतिसाराने आजारी, दुर्लक्षित भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, हा विनयपिटकाच्या महावग्गातील प्रसंग आपणांस ठाऊक आहे. रुग्णसेवेत करुणा हवीच. पण प्रज्ञेवाचून ती अपुरी पडते. म्हणून आम्ही परिचारिका आज या विषयावर बोलत आहोत.

प्लास्टर झाले की संकट टळले, असे आपण समजतो. वास्तविक पहिले तीन दिवस फार जपण्याचे असतात. मोडलेल्या हाडाभोवती सूज येते. वरून प्लास्टर किंवा हाडवैद्याने बांधलेल्या कामट्या घट्ट असतील, तर आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांतच स्नायू मरू लागतात आणि हात किंवा पाय कायमचा निकामी होतो. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी अशा आखडलेल्या हाताचे वर्णन १८८१ मध्येच केले होते.

हे ओळखावे कसे? औषध देऊनही वेदना वाढतच जाते. बोटे आपण हळूच ताणली की रुग्ण कळवळतो. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, अवयव टणक लागतो. बोटे फिकट व गार पडणे, नाडी न लागणे ही उशिराची लक्षणे होत. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. "हाड मोडलंय, दुखणारच," असे म्हणून रुग्णाला गप्प करू नये. डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. घरी असल्यास कामट्यांची बांधणी सैल करून लगेच रुग्णालय गाठावे. अवयव हृदयाच्या पातळीत ठेवावा, त्याहून उंच नको.

मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णास एक ते तीन दिवसांत धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके उठले, तर चरबीचे कण रक्तात मिसळल्याची शंका घ्यावी. पुढे पोटरी सुजून दुखू लागली, तर तेल लावून चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जखम उघडी असल्यास ताप, पू, दुर्गंधी यांकडे लक्ष द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, यातील बहुतेक खुणांसाठी यंत्र लागत नाही. डोळे, हात आणि रुग्णाचे म्हणणे खरे मानणारे मन लागते. तक्रार ऐकली, वेळ लिहून ठेवली, लगेच कळविले, तर एखाद्या कष्टकऱ्याचा हात वाचतो. त्या हातावरच त्याचे घर चालते.