हृदयाची नवी वाट : बायपास शस्त्रक्रिया आणि रुग्णाची पूर्वतयारी

(श्रींच्या वर्धापनदिनानिमित्त पर्वत पाटिया, सुरत येथे भरलेल्या महाजन-कुळावी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



श्रींच्या वर्धापनदिनी या व्यासपीठावरून देवधर्माविषयी, फार तर कुलपरंपरेविषयी बोलावे, असा प्रघात आहे. त्या जागी हृदयाच्या शस्त्रक्रियेविषयी, आणि तेही डॉक्टर नसलेल्या एका निवृत्त कारकुनाने बोलावे, हे काहीसे विपरीत वाटेल. मंडळाने मला ही आज्ञा केली त्याचे कारण एवढेच, की चार वर्षांपूर्वी माझ्या देहावर ही शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ज्यांच्या घरी हा प्रसंग उभा राहिला, ती मंडळी एकामागून एक येऊन मला तेच ते प्रश्न विचारू लागली. एकच प्रश्न वारंवार आला की त्याचे टिपण करून ठेवावे, ही कारकुनाची सवय. आजचे व्याख्यान म्हणजे ते टिपण होय. औषधोपचाराचा सल्ला डॉक्टरांनीच द्यावयाचा. मी सांगणार आहे ती रुग्णाची बाजू.

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, ही म्हण इकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. चांदी पडव्याची घारी, हिवाळ्यातील उंधियो, सकाळचा लोचो आणि त्यावर सढळ हाताने ओतलेले तेल यांची चव आपण सर्वांनी घेतली आहे. त्यात पाप काही नाही. परंतु दिवसभर गादीवर बसून काम, जिभेवर घारी आणि गालात तंबाखू, असा त्रिवेणी संगम झाला, तर जेवण सुरतेचे होते खरे, पण मरणाला काशीपर्यंत जाण्याचीही सवड मिळत नाही.

प्रथम हृदयाची रचना थोडक्यात सांगतो. आपल्या मुठीएवढा हा स्नायू मिनिटाला सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावतो. साऱ्या देहाला रक्त पुरविणाऱ्या या सेवकाला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याला पोटातल्या रक्तातून मिळत नाही; बाहेरून त्याला वेढणाऱ्या स्वतंत्र रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्या मुकुटासारख्या हृदयाला वेढतात, म्हणून लॅटिनमधील मुकुटवाचक 'कोरोना' या शब्दावरून त्यांना कोरोनरी असे नाव पडले. २०२० साली ज्या शब्दाने जगाला घरात कोंडले, तोच हा शब्द. त्यांचा मूळ व्यास अवघा तीन-चार मिलिमीटर. आतून मेदाचे थर साचत गेले की ही वाट अरुंद होते. मग जिना चढताना छाती भरून येते, डावा हात किंवा जबडा दुखतो, धाप लागते. विश्रांती घेतली की बरे वाटते. आपण म्हणतो, पित्त झाले. मीही तसेच म्हणत तीन महिने ओवा आणि सोडा घेत होतो. मधुमेही माणसाला तर कित्येकदा छातीत न दुखताच हा विकार होतो, आणि स्त्रियांमध्ये तो नुसत्या थकव्याच्या वा मळमळीच्या रूपाने येतो. म्हणून 'बाईला कसला आलाय हृदयविकार' असे कोणी म्हणू नये.

आता बायपास म्हणजे काय? आपण ज्या पर्वत पाटियात बसलो आहोत, तेथून रस्ता कडोदऱ्याकडे जातो. मुंबईहून अहमदाबादला निघालेली मालमोटार सुरत शहरात शिरत नाही. कडोदऱ्यावरून परस्पर कामरेजकडे निघून जाते. शहरातील गर्दी आहे तेथेच राहते, पण माल पुढे पोहोचतो. हृदयाच्या बायपासमध्ये हेच घडते. शल्यविशारद तुंबलेली रोहिणी साफ करीत नाहीत. छातीच्या आतल्या बाजूची रोहिणी, पायातील नीला किंवा हाताची रोहिणी घेऊन ते तुंबाऱ्याच्या पलीकडे नवी वाट जोडून देतात. पायातली वाहिनी काढल्यावर पाय निकामी होत नाही का, असे मला पुष्कळांनी विचारले. होत नाही, तेथे रक्त परत नेणाऱ्या दुसऱ्या नीला असतात. काही काळ पायाला सूज येते, एवढेच.

ही विद्या फार जुनी नाही. डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असताना ते यंत्र काही काळ हृदयाचे व फुप्फुसांचे काम स्वतःकडे घेते. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. मेसन सोन्स यांनी या रोहिण्यांचे चित्र घेण्याची अँजिओग्राफीची रीत शोधली. त्याच ठिकाणी १९६७ साली रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने पायातील नीला वापरून बायपास रूढ केली. आपल्या देशात पहिली बायपास १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. पुढे आपल्याकडे धडधडत्या हृदयावरच, यंत्राविना शस्त्रक्रिया करण्याची पद्धतही मोठ्या प्रमाणावर रुजली. एके काळी या कामासाठी सुरतेच्या माणसाला फ्लाइंग राणीत बसून मुंबई गाठावी लागे. आता ती सोय शहरातच झाली आहे.

'स्टेंट घालून भागेल का?' हा दुसरा नेहमीचा प्रश्न. अनेकांचे भागते. पण डाव्या मुख्य रोहिणीत अडथळा असेल, तिन्ही प्रमुख रोहिण्या तुंबल्या असतील, आणि विशेषतः जोडीला मधुमेह असेल, तर बायपासचा पर्याय बहुधा सरस ठरतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या १,९०० मधुमेही रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने हे दाखवून दिले. म्हणून 'डॉक्टरांनी मोठे ऑपरेशन सांगितले, म्हणजे पैसे काढतात' असा निष्कर्ष घाईने काढू नये. शंका असेल तर अँजिओग्राफीची चकती व अहवाल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. मात्र दोन मते पुरेत. दहा जणांना विचारणे हा निर्णय टाळण्याचाच प्रकार आहे.

आता पूर्वतयारी. माझ्या टिपणाचा गाभा हाच आहे.

पहिली गोष्ट, काहीही लपवू नये. तंबाखू, मिसरी, गुटखा, मद्य, वैद्याचे चूर्ण, शेजाऱ्याने दिलेला काढा, सगळे डॉक्टरांना सांगावे. सुनेसमोर सांगण्याची लाज वाटत असेल, तर तिला क्षणभर बाहेर पाठवावे, पण सांगावे. धूम्रपान व तंबाखू शक्य तितक्या आधी, निदान चार आठवडे, बंद करावी. मात्र बंद करावयास वेळ हवा म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये.

दुसरी गोष्ट, औषधे. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस थांबवितात, काही चालूच ठेवतात. मधुमेहाच्या गोळ्यांचेही तसेच. कोणती गोळी कोणत्या तारखेपासून बंद, हे कागदावर लिहून घ्यावे. आपल्या मनाने एकही बंद करू नये आणि आपल्या मनाने एकही चालू ठेवू नये.

तिसरी गोष्ट, श्वास. तीन चेंडूंचे एक लहानसे यंत्र देतात. नळीतून श्वास आत ओढून चेंडू वर उचलावयाचे. घरातील नातवंडांना ते खेळणे वाटते. परंतु शस्त्रक्रियेनंतर छाती दुखत असल्याने माणूस खोल श्वास घेत नाही आणि फुप्फुसात कफ साचतो. ज्याने आधीपासून हा सराव केला, त्याला नंतर तो जड जात नाही. उशी छातीशी घट्ट धरून खोकण्याची रीतही आधीच शिकून घ्यावी.

चौथी गोष्ट, कागद आणि पैसा. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत ही शस्त्रक्रिया अंतर्भूत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाचा विचार न करता, या योजनेचा लाभ खुला झाला. आपले रुग्णालय योजनेच्या यादीत आहे काय, हे दाखल होण्यापूर्वी विचारावे. कार्ड, जुने अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत क्रमाने लावून ठेवाव्यात. रक्तदात्यांची नावे आधी ठरवावीत. बँकेचे खाते, विम्याचे कागद कोठे आहेत हे पत्नीला सांगून ठेवावे. हे अशुभ बोलणे नव्हे. नियोजित शस्त्रक्रियेत दगावण्याचे प्रमाण सामान्यतः शंभरात एक-दोन असते, प्रकृती आधीच खालावलेली असल्यास अधिक. म्हणजे बहुसंख्य रुग्ण घरी परततात. परंतु प्रवासाला निघताना आपण किल्ल्या सोपवून जातोच की नाही?

आदल्या दिवशी जंतुनाशक साबणाने स्नान घालतात, छातीचे व पायाचे केस काढतात, सांगितलेल्या वेळेपासून अन्न बंद करतात. दागिने, कवळी, सर्व उतरवावे लागते. मंगळसूत्र काढावयाचे म्हणताच आपल्या भगिनी रडू लागतात, हे मी पाहिले आहे. भगिनींनो, ते सौभाग्य राखण्यासाठीच उतरवावयाचे असते. सासूने अथवा लेकीने ते स्वतःच्या हाताने काढून देव्हाऱ्यात ठेवावे, म्हणजे मनाला शांती मिळते.

शस्त्रक्रियेला साधारण तीन ते सहा तास लागतात. छातीचे हाड मध्यभागी कापून शेवटी पोलादी तारेने बांधतात. शुद्धीवर येताना घशात नळी असते, बोलता येत नाही, हात सैल बांधलेले असतात. हे आधी ठाऊक नसेल तर रुग्ण भयभीत होतो, आणि काचेतून पाहणारे नातेवाईक त्याहून अधिक. मला हे परिचारिकेने आदल्या रात्री सांगितले होते, म्हणून मी घाबरलो नाही. बोटाने पत्नीला खूण तेवढी केली. एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात आणि सुमारे आठवडाभर रुग्णालयात राहावे लागते. हाड सांधण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर जड वस्तू उचलू नये, स्कूटर चालवू नये. याच काळात विनाकारण रडू येते, मन खचते. तो दुबळेपणा नव्हे. पुष्कळांना होते आणि बहुधा ओसरते. लांबले तर डॉक्टरांना सांगावे.

आणि एक गोष्ट विसरू नये. बायपासने रोग जात नाही. नवी वाट तेवढी मिळते. छातीची रोहिणी जोडली असेल, तर दहा वर्षांनंतरही दहांपैकी सुमारे नऊ जणांची ती खुली राहते. पायाच्या नीला तितक्या टिकत नाहीत. नव्या रस्त्यावरही आपण जुनाच कचरा टाकला, तर दोष रस्ता बांधणाऱ्याचा नव्हे. हा विकार कोणाचाही मुलाहिजा ठेवीत नाही. असंख्य हृदये दुरुस्त करणारे मुंबईचे सुविख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांना २२ मे २००३ रोजी, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकारानेच नेले.

आता शेवटचे, आणि मला सर्वांत कठीण वाटणारे. आमच्या इमारतीत एक खानदेशी गृहस्थ राहत असत. साडीच्या बाजारात हिशेब लिहीत. आम्ही दोघे एकाच जातीचे, म्हणजे वहीखात्याच्या जातीचे. संध्याकाळी एकत्र फिरावयास जात असू. त्यांना डॉक्टरांनी बायपास सांगितली, लवकर करा म्हणाले. श्रावणाचे दिवस होते. घरच्यांनी म्हटले, चतुर्थी होऊ द्या. चतुर्थी झाली. मग त्यांनी मला विचारले, ''अण्णा, तुम्हाला काय वाटते?'' मी म्हणालो, ''भाऊ, पितृपक्षात कशाला? आणि पुढे तुमचा दिवाळीचा सीझन. दिवाळीनंतर निवांत करा.'' सर्वपित्री अमावास्येच्या तीन दिवस आधी पहाटे ते गेले. वहिनींनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. कदाचित त्यांना ठाऊकही नसेल, की तो सल्ला माझा होता. आज या सभेत मी ते प्रथमच सांगत आहे.

पुढच्याच वर्षी माझ्या रोहिण्यांचे चित्र निघाले, तेव्हा घरात पुतणीच्या लग्नाची तारीख ठरलेली होती. सगळे म्हणाले, लग्न आटोपू द्या. मला तानाजीचे स्मरण झाले. आधी लगीन कोंढाण्याचे, मग रायबाचे, असे तो म्हणाला, हे आपण मुलांना शिकवितो आणि स्वतः मात्र नेमके उलटे वागतो. मी दाखल झालो. लग्नाला जाऊ शकलो नाही. नंतर पुतणी-जावई घरी येऊन पाया पडून गेले.

आपल्यात कौलप्रसादाची परंपरा आहे. मोठ्या कार्यापूर्वी श्रींचा कौल घ्यावा, ही आपली श्रद्धा, आणि माझीही आहे. जरूर घ्या, पण त्याच आठवड्यात घ्या. मुहूर्त, पक्ष, सीझन आणि लग्ने यांच्या आड लपून आपण भीतीलाच धर्माचे वस्त्र नेसवीत असतो. डॉक्टर 'थांबले तरी चालेल' म्हणाले, तर थांबा. 'लवकर' म्हणाले, तर पंचांग मिटून ठेवा. आणि छातीत अकस्मात कळ येऊन घाम फुटला, तर शेजाऱ्याचा सल्ला घेत बसू नका. १०८ क्रमांक फिरवा. शेजाऱ्याच्या सल्ल्याची किंमत काय असते, ते मी आपणांस आताच सांगितले.

श्री आपणां सर्वांस उदंड आयुरारोग्य देवो, आणि ते सांभाळण्याची सुबुद्धीही देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.